वरचे बारा किलोमीटर

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सॅलायना नावाचं गाव आहे. तिथून इंटरस्टेट 70 हा महामार्ग पश्चिमेला डेन्व्हरपर्यंत जवळजवळ सातशे किलोमीटर, गव्हाची शेतं कापत, वळायचंच नाही असा पण केल्यासारखा जातो. या गावातला एक शाळामास्तर आपण कल्पनेने उभा करू. वय पंचेचाळीस, दोन मुलं, दारात सात जणांची व्हॅन, इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. लहानपणी वडिलांबरोबर शेताच्या कडेला बसून त्याने हरणं मारलेली आहेत. यंदा मात्र त्याने कोलोरॅडोतल्या एल्कच्या, म्हणजे एका थोराड हरणाच्या, शिकारीचा परवाना काढलाय. परराज्यातल्या माणसाला तो आठशे डॉलरांहून महाग पडतो. बायकोने तो खर्च कसाबसा पचवला, तोवर दुसरा विषय निघाला: डोंगरात जायचं तर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी नको का?

तिकडे हा प्रश्न घराघरांत निघतो. 2022 सालच्या सरकारी पाहणीत सोळा वर्षांवरच्या 1 कोटी 44 लाख अमेरिकनांनी शिकार केल्याची नोंद आहे. शरद ऋतू लागला की टीव्हीवर कड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या पिकअपच्या जाहिराती झळकतात. चिखलाने माखलेली, हौद्यात शिंगं, मागे सूर्यास्त. त्या कड्यावर ती चढली कुठून आणि उतरणार कशी, हे जाहिरातीत दाखवत नाहीत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शौक म्हणून संपलाच, आणि ते बरंच झालं. तरी मास्तरांचा प्रश्न आपल्याला परका नाही. पुण्यात सोसायटीच्या गतिरोधकापलीकडे कधी खडतर वाट न पाहिलेल्या फोर-बाय-फोर गाड्या मी रोज बघतो. त्यांच्या मालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘वेळप्रसंगी असावी.’ वेळ कोणती आणि प्रसंग कोणता, हे नीट विचारलं की गोष्ट रंगायला लागते. शिकाऱ्याच्या बाबतीत ते विचारणं सोपं आहे, कारण त्याची वेळ, जागा, वाट आणि ओझं हे सगळं आधीच ठरलेलं असतं.

आधी कुठला शिकारी ते पाहायला हवं. पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जाणारा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, अर्धा तास चालतो आणि झाडाला टेकून बसतो. हरीण मिळालं तर दोर बांधून ओढत आणतो. त्याला साधी मोटार पुरते. दुसरं टोक अलास्काचं. तिथे उत्तरेला प्रुडो बेच्या तेलक्षेत्राकडे जाणारा डाल्टन हायवे आहे. युकॉन नदीच्या उत्तरेला या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल बंदुकीने शिकार करायला बंदी आहे. त्या पट्ट्यात रस्ता सोडून गाडी घालायलाही मनाई. म्हणजे जगातली कुठलीही गाडी आणा, बंदूक चालवायची असेल तर आधी आठ किलोमीटर पायपीट. अलास्काच्या बहुतेक भागात तर रस्तेच नाहीत. मूस नावाचं थोराड हरीण मारायला लोक छोट्या विमानाने नाहीतर होडीने जातात. चार चाकं फिरतात की दोन, हा वाद तिथे उद्भवतच नाही.

उरला मधला, पश्चिमेच्या डोंगरांतला शिकारी. प्रश्न खरा याचाच.

मास्तरांची वाट नकाशावर ठेवून बघू. डेन्व्हरच्या पुढे महामार्ग रॉकी पर्वतात शिरतो आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी 3,400 मीटरवर पोचतो. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी त्याहून हे वर. मॉरिसन ते डॉटसेरो या सुमारे 200 किलोमीटरच्या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मेपर्यंत हिवाळी नियम लागू असतो: टायरच्या नक्षीची खोली किमान पाच मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि दोनच चाकांवर चालणारी गाडी असेल तर बर्फासाठीच्या साखळ्यांसारखी काही तरतूद बरोबर हवी. डॉटसेरोला महामार्ग सोडला की फ्लॅट टॉप्स नावाच्या उंच पठाराकडे खडीचे रस्ते चढतात. व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनाचा हा मुलूख एल्कच्या मोठ्या कळपांसाठी नाव कमावून आहे. एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलचा थोराड भाऊबंद. वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो.

तर मास्तरांचा हिशेब असा. सॅलायना ते डॉटसेरो सुमारे 900 किलोमीटर, सगळे डांबरी. पुढे वीसेक किलोमीटर खडीचे, सरकारी ग्रेडरने सपाट केलेले. त्यानंतर, समजा, बारा किलोमीटर अशा वाटेचे, जिला वन खात्याच्या नकाशात रस्ता म्हणतात आणि आपण चाकोरी म्हणू. सगळं भांडण या बारा किलोमीटरचं.

या बारा किलोमीटरमध्ये गाडी अडते कशाने? माणसं धरून चालतात की चाकाला ताकद कमी पडते. बहुतेक वेळा तसं नसतं. कोरड्या दिवसात गाडी अडते ती पोट जमिनीला लागल्याने. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा, रस्त्यात आडवा आलेला धोंडा, पाणी बाजूला काढायला खणलेला चर. आपल्याकडे गॅरेजवाले म्हणतात, ‘चेंबर लागला.’ साध्या मोटारीचं पोट जमिनीपासून तेरा-पंधरा सेंटिमीटरवर असतं. सुबारू आउटबॅकसारख्या गाडीचं बावीसवर. हा सात ते नऊ सेंटिमीटरचा फरक चारही चाकांच्या ताकदीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. हेन्री फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटी विकली गेली, आणि तिची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना होती. पण ती हलकी होती, उंच होती, चाकं अरुंद होती. रस्ते नसलेल्या अमेरिकेत त्या काळचे शिकारी तीच घेऊन डोंगरात शिरत. चढ फार उभा लागला तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची. पेट्रोलची टाकी सीटखाली, पेट्रोल नुसतं उताराने इंजिनात येणार. तोंड वर केलं की ते येईना. शिवाय रिव्हर्स गिअरला जोरही जास्त. उलटं तोंड करून शिकारीला निघालेला तो शिकारी मला जाहिरातीतल्या पिकअपवाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

पाऊस किंवा बर्फ पडला की मग चाकांच्या ताकदीचा प्रश्न सुरू होतो. इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेला असतो, तो दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. त्याचा स्वभाव मात्र विचित्र आहे. दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, आणि हा जोर ठरतो ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावरून. एक चाक चिखलात, दुसरं कोरड्या दगडावर असेल तर चिखलातलं गरागरा फिरतं आणि दगडावरचं स्वस्थ बसून राहतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या टाचेजवळ एक पेडल असतं. चाक रुतून फिरायला लागलं की तो ते दाबतो आणि दोन्ही मागची चाकं एकत्र जखडली जातात. गाड्यांत त्याच गोष्टीला लॉकर म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

आता गंमत बघा. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल साधेच असतात. पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरायला लागलं की चार चाकांची गाडी जागच्या जागी थांबते. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक युक्ती असते, तिने बरंच भागतं. पण मागे लॉकर असलेली दोन चाकांची पिकअप काही जागी लॉकर नसलेल्या चार चाकांच्या गाडीपेक्षा पुढे निघते, हे शोरूममधला सेल्समन आपणहून सांगत नाही.

याउलट साधी दोन चाकांची पिकअप बर्फात फार वाईट. इंजिनाचं वजन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मागे रिकामा हौदा. वजनच नाही तर चाक जमीन धरणार कसं? तिकडचे लोक हिवाळ्यात हौद्यात वाळूची पोती टाकून हिंडतात. मास्तरांच्या व्हॅनचं इंजिन मात्र ताकदीच्या चाकांवरच बसलेलं. म्हणजे शेजाऱ्याची टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप दिसायला मर्दानी असली तरी ओल्या चढावर मास्तरांची बायकापोरांची व्हॅन तिला मागे टाकील. पोटाला काही लागलं नाही तर, अर्थात.

चार चाकांच्या गाडीची खरी मिजास वेगळ्याच गोष्टीत आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: लो रेंज. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक गिअरपेटी असते, ट्रान्सफर केस. तिचा छोटा गिअर टाकला की इंजिन तेवढंच फिरतं, पण चाकं निम्म्याहून कमी वेगाने आणि त्या प्रमाणात जास्त जोराने. टोयोटा टॅकोमात हे प्रमाण अडीचपटीच्या थोडं वर, जीपच्या रुबिकॉन मॉडेलमध्ये चौपट. लोकांना वाटतं ते चढासाठी. चढासाठी आहेच, पण जीव वाचतो तो उतारावर. हौद्यात मांस, तंबू, दोन माणसं, आणि खाली ओला उभा उतार. लो रेंजमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय फारसा ठेवावा लागत नाही. सुबारूसारख्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत चारही चाकांना ताकद मिळते, पण ही पेटी नसते. तेव्हा ‘चार चाकं आहेत का?’ एवढं विचारून भागत नाही.

ब्रेकचा विषय निघालाच आहे. प्रत्येक गाडीला, अगदी मास्तरांच्या व्हॅनलाही, ब्रेक चारही चाकांना असतात. त्यामुळे गोठलेल्या रस्त्यावर थांबायच्या वेळी फोर-व्हील-ड्राइव्हचा काडीचा फायदा नाही. उलट तोटा आहे. चार चाकांनी गाडी इतकी सहज सुटते, इतकी शहाण्यासारखी चढते, की खाली काचेसारखा बर्फ आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही. ते वळणावर कळतं. दोन चाकांची गाडी निघतानाच घसरून सांगते की बाबा रे, आज दिवस चांगला नाही. तिथले जुने शिकारी गमतीने सांगतात, फोर-व्हील-ड्राइव्हचा उपयोग एवढाच की मदतीपासून आणखी लांब जाऊन अडकता येतं.

अडकण्याचा विषय निघाला की मोंटानाच्या मिसुरी ब्रेक्सचं नाव आल्याशिवाय राहत नाही. मिसुरी नदीने कुरतडलेल्या दऱ्याखोऱ्यांचा, झुडपांचा हा ओसाड मुलूख; चार्ल्स एम. रसेल अभयारण्याचे अकरा लाख एकर याच भागात. एल्क आहेत, लांब कानांची म्यूल डिअर आहेत, आणि गंबो आहे. गंबो म्हणजे तिथली माती. कोरडी असताना तिच्यावरून कुठलीही मोटार साठच्या वेगाने धावेल. दहा मिनिटांचा पाऊस पडला की तिचा साबण होतो, आणि साबणाचं मग सिमेंट. चाकाला थर बसतो, थरावर थर बसतो, टायरची नक्षी दिसेनाशी होते, मडगार्डच्या आत माती ठासून भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. चार चाकं असली तर चारही.

हे वर्णन मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या माणसाने वाचलं तर तो म्हणेल, यात नवल काय? आमच्या रानात आषाढात येऊन बघा. आणि त्याचं बरोबर आहे. दख्खनची काळी माती आणि मोंटानाचा गंबो यांची घडण वेगळी, एक लाव्हाच्या खडकातून झालेली, दुसरी प्राचीन समुद्राच्या तळच्या गाळातून आणि ज्वालामुखीच्या राखेतून. पण दोन्हींत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते आणि बुळबुळीत होते. वाळली की आक्रसते, भेगा पडतात. पायाला किलोभर चिखल घेऊन बांधावरून आलेल्या शेतकऱ्याला फोर-व्हील-ड्राइव्हचं व्याख्यान द्यायची गरज नाही. पाऊस पडला की बैलगाडी रानात घालायची नाही, हे त्याच्या आज्याला ठाऊक होतं. मोंटानाचा रँचवाला तेच करतो: थांबतो. एकतर माती वाळेपर्यंत, नाहीतर रात्री गोठेपर्यंत. पहाटे जमीन दगडासारखी कडक असते. दहाच्या उन्हाला वितळायच्या आत तो बाहेर पडलेला असतो. पश्चिम कोलोरॅडोतही मॅन्कस शेल नावाच्या खडकाचे पट्टे आहेत, त्यांची माती याच गोत्रातली.

न थांबणारा पलीकडे पोचला तरी वाटेचं वाटोळं करून जातो. ओल्या मातीत फूटभर खोल चाकोऱ्या पडतात, त्या तशाच वाळतात आणि पुढच्या वर्षी साध्या गाड्यांचं पोट अडवतात. मग वन खातं रस्ता बंद करतं. 2005 च्या नियमानंतर राष्ट्रीय वनांत गाड्यांसाठी मोकळे रस्ते कोणते, याचे फुकट नकाशे निघतात. नकाशात नसलेल्या वाटेवर गाडी घालणं हा गुन्हा, मग ती वाट डोळ्यांना कितीही रुळलेली दिसो. पडलेलं जनावर आणण्यापुरती सवलत काही वनांत आहे, पुष्कळ ठिकाणी नाही.

इथवर आपण धरून चालत होतो की वरचे बारा किलोमीटर चढून जाणं फायद्याचं आहे. तेच तपासायला हवं. ओरेगनच्या ईशान्य भागात ला ग्रँडजवळ स्टार्की नावाचं संशोधनासाठी राखलेलं वन आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटर जंगलाला उंच कुंपण घालून 1989 पासून तिथे एल्क आणि हरणांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. बरीच वर्षं, वेगवेगळ्या प्रकारे पाहून निष्कर्ष निघाला तो कुठल्याही गुराख्याला पटेल असा: रहदारीला उघड्या असलेल्या रस्त्यांपासून एल्क दूर राहतात, आणि रहदारी वाढली की आणखी दूर जातात. बंद केलेल्या रस्त्यांचं त्यांना तेवढं भय नाही. म्हणजे ज्या चाकोरीवरून मास्तर आपली नवी गाडी हाकत वर जाणार, त्याच चाकोरीवरून मोसमाच्या पहिल्या पहाटे आणखी तीस गाड्या दिवे लावून चढणार. एल्क त्या दिव्यांच्या पलीकडे. गाडी जिथवर जाते, तिथवर एल्क थांबत नाही. थोडं जास्त बोललो. कधीकधी थांबतो, आणि अशा एका एल्कच्या गोष्टीवर दहा पिकअप विकल्या जातात. पण कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणाऱ्या साधारण पाच माणसांपैकी चार रिकाम्या हाताने घरी येतात, हेही खरं.

फ्लॅट टॉप्सच्या बाबतीत तर गाडीची हद्द शंभर वर्षांपूर्वीच आखली गेली. 1919 साली वन खात्याने आर्थर कारहार्ट या तरुण नोकराला पठारावरच्या ट्रॅपर्स लेकवर पाठवलं. काम साधं: तळ्याभोवती उन्हाळी बंगल्यांसाठी भूखंड आखायचे, आणि रस्ता. कारहार्टने मोजमाप केलं आणि वरिष्ठांना सांगितलं की इथे काही बांधूच नये. नवल म्हणजे वरिष्ठांनी ऐकलं. बंगले झाले नाहीत. पुढे 1964 चा वाइल्डरनेस कायदा आला, आणि 1975 मध्ये या पठाराचा सव्वादोन लाख एकरांहून मोठा तुकडा त्या कायद्याखाली आला. तिथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, सायकलसुद्धा नाही. मांस आणायची दोन चाकांची हातगाडीही चालत नाही, कारण चाक हे यंत्र. पाय चालतात, घोडा चालतो, खेचर चालतं. मास्तरांच्या बारा किलोमीटरच्या टोकाला बहुधा अशाच हद्दीची लाकडी पाटी असेल.

आपल्याकडे कुणी अशी पाटी वेळेवर लावली नाही. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपलं आणि ती गाडी शेतात, खाणीत, जंगलात शिरली. मुंबईत महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याआधी शिकार म्हणजे हाका, हाकारे, मचाण, रात्रभर डास. जीप आणि सर्चलाइट आल्यावर ते सगळं दोन तासांचं काम झालं. दिव्याने डोळे दिपलेलं जनावर हलत नाही. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने रात्री गाडीतून फिरताना एकत्र बसलेले तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद म्हणून ते तीन सांगितले जातात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत गाडीतून गोळी झाडणं बेकायदा आहे, ते उगाच नाही.

आता परतीचं. शिकाऱ्यासाठी गाडी ही जाण्यापेक्षा येण्यासाठी हवी असते, आणि फोर-व्हील-ड्राइव्हच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. एल्क पडला की हौस संपते आणि हमाली सुरू होते. हाडं काढली तरी मोठ्या नराचं मांस शंभर किलोंच्या आसपास भरतं. मागचा एक पाय हाडासकट पाठीवर घेतला तर सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जड. एकट्या माणसाला गाडीपर्यंत चार-पाच खेपा, त्याही तीन हजार मीटरवरच्या विरळ हवेत. गाडी बारा किलोमीटर खाली असेल तर खेपांचा हिशेब करून बघा. नका करू, अशक्य येतो. मांस तर थांबत नाही. कातडं आणि हाडाजवळची ऊब लवकर काढली नाही तर आतून आंबतं, आणि मांस वाया घालवणं हाही तिथे गुन्हा आहे.

म्हणून शिकारी घाबरून गाडी घेतो. पण पंचांग घेऊन बसलं तर भीती बरीच ओसरते. मांसाची घाई सर्वांत जास्त कधी? सप्टेंबरात, धनुष्यबाणाच्या मोसमात, दुपारची हवा उबदार असते तेव्हा. आणि सप्टेंबरात रस्ते बहुतेक कोरडे. उंच पोटाची कुठलीही गाडी वरपर्यंत जाते. रस्ता सर्वांत वाईट कधी? नोव्हेंबरात, फूटभर बर्फ पडला की. तेव्हा मांस जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत फांदीला टांगलं तर रात्रीच्या गारठ्यात दोन-तीन दिवस खुशाल राहतं. जी थंडी रस्ता बिघडवते, तीच मांस राखते. घाई आणि चिखल दोन्ही एकाच दिवशी अंगावर येण्याचा धोका मुख्यतः ऑक्टोबरातल्या एखाद्या उबदार पावसाळी आठवड्याचा. तसा आठवडा येतोही. पण एका आठवड्यासाठी गाडी घ्यायची की त्या आठवड्यात गाडी खालीच ठेवायची, हे मास्तरांनी ठरवायचं. तिथे घोडेवाले मिळतात. ते पैसे घेऊन पडलेलं जनावर खेचरांवर लादून खाली आणून देतात. स्वस्त नाहीत. पिकअपच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा मात्र नक्कीच स्वस्त.

पैशाचं बोलायचं तर एकाच पिकअपच्या दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या मॉडेलमध्ये साधारण तीन-चार हजार डॉलरांचा फरक पडतो, आणि पेट्रोल वर्षभर थोडं जास्त जातं. मास्तरांची गाडी उरलेले एकावन्न आठवडे शाळा आणि किराणा यांतच फिरणार. भाड्याने घ्यावी म्हटलं तर अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर नेऊ नये असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि ते कलम नेमकं वरच्या बारा किलोमीटरवरच जाऊन बसतं. याउलट बर्फाचे चार चांगले टायर हजार डॉलरांच्या आत-बाहेर. साखळ्या शंभर-दीडशे. फावडं, ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा, जॅकखाली ठेवायला फळी, हवा भरायचा छोटा पंप. हवा काढायला काही लागत नाही, पण ती काढणं ही सर्वांत स्वस्त विद्या आहे: वाळूत किंवा मऊ बर्फात टायरची हवा पस्तीसवरून वीसच्या खाली आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि गाडी बुडता बुडता तरते. डांबरीवर परत येण्याआधी भरायची मात्र आठवण हवी. आणि स्टेपनी पूर्ण मापाची. धारदार खडीवर टायर फाटतो, तेव्हा सडपातळ तात्पुरती स्टेपनी बघून माणसाला रडू येतं. अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या विंचचं खूळ पुष्कळांना असतं. पण तिचा दोर बांधायला समोर झाड लागतं, आणि उघड्या माळावर गुडघाभर झुडपं असतात.

वायोमिंगमध्ये किंवा मोंटानात राहणारा असता, दर शनिवारी डोंगरात जाणारा, घरचाच रस्ता डिसेंबरात बर्फाखाली जाणारा, तर मी म्हटलं असतं घे, लो रेंजवाली घे, मागे लॉकर घे, आणि शिकारीचं नाव पुढे करू नकोस. तुला ती दूध आणायलाही लागणार आहे. सॅलायनाच्या मास्तरांना मी नाही म्हणेन. पहिली दोन वर्षं तरी.

ऐकलं त्यांनी असं धरू. व्हॅनला चार नवे टायर, मागे साखळ्या आणि फावडं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते निघाले. बोगद्यापाशी थोडा बर्फ, डॉटसेरोला ऊन. खडीचा रस्ता संपला तिथे एका रुंद जागी त्यांनी गाडी थांबवली, उतरून चाकोरीवर वीस पावलं चालले, बुटाला चिकटलेली माती बोटाने दाबून पाहिली आणि तंबू तिथेच टाकला. संध्याकाळी तीन पिकअप बाजूने वर गेल्या. एकाने काच खाली करून विचारलं, काही अडचण? नाही म्हणाले. रात्री तंबूवर पावसाची टपटप सुरू झाली आणि थोड्या वेळाने आवाज थांबला, म्हणजे पावसाचा बर्फ झाला. झोपण्याआधी ते एकदा उठले, व्हॅन सुरू केली, तिचं तोंड उताराकडे फिरवून ठेवलं आणि गजर पहाटे चारचा लावला.